काचेपलीकडची पणती

करमाळ्याहून रात्रीची एसटी सुटली की गावाचे दिवे मागे पडतात आणि खिडकीबाहेर अंधार दाटतो. गाडीत मात्र उजेड असतो. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला मग बाहेर त्याचाच चेहरा दिसतो. शेजारच्याची टोपी, वरच्या फळीवरची पिशवी, सगळंच उसाच्या फडावर तरंगत गाडीबरोबर धावत असतं. दूरवर एखादा ट्रॅक्टर चालला असेल तर त्याचा दिवा त्या चेहऱ्याच्या आरपार जातो. हवेत तरंगती चित्रं दाखवणारी जी यंत्रं आज प्रदर्शनांत आणि समारंभांत गर्दी खेचतात, त्यांतल्या कितीतरी यंत्रांचं मूळ या खिडकीत आहे.

इथलं गणित साधं आहे. काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के प्रकाश तिचा प्रत्येक पृष्ठभाग परत फेकतो. पृष्ठभाग दोन, म्हणजे सुमारे 8 टक्के. दिवसा बाहेरच्या उन्हात हे 8 टक्के बुडून जातात. रात्री बाहेर काळोख असतो तेव्हा तेच उठून दिसतात. प्रवाशाचा चेहरा काचेपासून एक फूट आत असेल, तर त्याची प्रतिमा एक फूट बाहेर दिसते. म्हणून ती काचेला चिकटलेली वाटत नाही. चालकाला हीच गोष्ट अडचणीची ठरते. समोरच्या काचेत गाडीतला उजेड उमटू नये म्हणून तो केबिनमधला दिवा बंद ठेवतो.

करमाळ्याला अशा प्रतिमा नव्या नाहीत. कमलाभवानीच्या 96 पायऱ्यांच्या विहिरीत पाणी असताना वाकून पाहिलं, तर आभाळ पाण्याच्या कितीतरी खाली दिसतं. वैशाखात डांबरी रस्त्यावर लांब पाणी चमकतं आणि जवळ जावं तसं पुढे सरकतं. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, आभाळाकडून आलेले किरण तिथे वाकतात आणि खालून वर डोळ्यांत शिरतात. जे पाणी वाटतं ते आभाळच असतं. किरण ज्या दिशेने आला त्याच दिशेला वस्तू आहे, असं मेंदू धरून चालतो. वाटेत किरण वळला की वाकला, हे त्याला कळत नाही. तरंगती प्रतिमा दाखवणारं जवळपास प्रत्येक यंत्र मेंदूच्या याच सवयीवर उभं आहे.

रंगभूमीने या सवयीचा मोठा उपयोग केला तो लंडनला. कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. रॉयल पॉलिटेक्निकचे जॉन हेन्री पेपर यांनी ती नाट्यगृहात चालेल अशी केली आणि 24 डिसेंबर 1862 रोजी चार्ल्स डिकन्सच्या एका कथेतल्या प्रसंगात रंगमंचावर भूत उभं केलं. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये भली मोठी काच तिरकी उभी होती. तिच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, प्रखर उजेडात दुसरा नट होता. त्याची प्रतिमा काचेपलीकडे, खऱ्या नटांच्या शेजारी उमटत होती. आज काचेच्या जागी ताणलेला पातळ पारदर्शक पडदा आणि लपलेल्या नटाच्या जागी प्रोजेक्टर आला आहे. बाकी रचना तीच.

त्याच शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आपल्या मुलांना घेऊन ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत होते. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रं ते दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडत आणि पट्ट्या भराभर बदलून त्यांत हालचाल आणत. मुंबईत 7 जुलै 1896 रोजी लुमिए बंधूंचा सिनेमा आला, त्याच दशकातली ही गोष्ट. पटवर्धनांचं चित्र पडद्यावर होतं, पेपर यांचं काचेपलीकडे. पण टेकायला काहीतरी दोघांनाही लागलं. प्रकाश हवेत आपला आपण थांबत नाही. तो डोळ्याकडे वळवायला पडदा लागतो, काच लागते, आरसा लागतो, नाहीतर निदान धूळ किंवा धुकं.

हे लक्षात ठेवलं की आजच्या ‘होलोग्राम’ या शब्दाचा गुंता सुटतो. 23 जानेवारी 2022 रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा 28 फूट उंच प्रकाशपुतळा उजळला. तो 30,000 ल्युमेनचा प्रोजेक्टर आणि 90 टक्के पारदर्शक पडदा यांनी घडवलेला होता. पडदा नजरेला येणार नाही अशा बेताने उभारल्यामुळे पुतळा अधांतरी भासे. कारागिरी उत्तम होती, पण भौतिकशास्त्राच्या अर्थाने ते पडद्यावर पाडलेलं चित्रच होतं. दुकानांत फिरणाऱ्या एलईडी पंख्याचंही तसंच. पाती इतकी वेगाने फिरतात की डोळ्याला पाती दिसत नाहीत, दिव्यांचं चित्र तेवढं दिसतं.

खरा होलोग्राम वेगळा. डेनिस गॅबर यांनी 1947 मध्ये तो कल्पिला, 1960 मध्ये लेसर आल्यावर तो नीट साधला, आणि 1971 मध्ये गॅबर यांना नोबेल पारितोषिक मिळालं. साध्या छायाचित्रात प्रकाश किती, एवढंच नोंदलं जातं. होलोग्राममध्ये वस्तूकडून आलेली लहर आणि थेट लेसरची लहर एकमेकींत मिसळून जी बारीक नक्षी तयार होते, ती नोंदली जाते. त्या नक्षीवर पुन्हा प्रकाश टाकला की वस्तूकडून निघालेली मूळ लहरच परत उभी राहते. डोकं डावीकडे नेलं की पुढच्या वस्तूआड लपलेली मागची वस्तू दिसू लागते. पारदर्शक पडद्यावरच्या चित्राला हे जमत नाही.

तरंगती प्रतिमा काचेच्या अलीकडे, थेट पाहणाऱ्याच्या हाताशी आणता येते का? येते, आणि त्याची किल्ली शाळेतल्या अंतर्गोल आरशात आहे. आरशाच्या वक्रता केंद्रापाशी खोक्यात लपवून बल्ब उलटा टांगला, तर खोक्यावरच्या रिकाम्या होल्डरमध्ये सुलटा, पेटलेला बल्ब दिसतो. ही वास्तव प्रतिमा. तिथे ट्रेसिंग पेपर धरला तर ती कागदावर उतरते. काचेपलीकडची आभासी प्रतिमा अशी कागदावर धरता येत नाही. जपानमध्ये सूक्ष्म आरशांच्या पट्ट्यांनी भरलेल्या काचेने वास्तव प्रतिमा घडवतात. 2022 मध्ये टोकियोतल्या काही सेव्हन-इलेव्हन दुकानांत अशा हवेतल्या बटणांवर बोट नेऊन पैसे भरण्याची चाचणी झाली. करोनानंतर कशालाही हात न लावता काम व्हावं, हा त्यामागचा हेतू.

एसटीच्या चालकाला जी प्रतिमा नको असते, ती लढाऊ वैमानिकाला मात्र हवी असते. ‘तेजस’ विमानासाठी चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने ‘हेड-अप डिस्प्ले’ विकसित केला. वैमानिकासमोरच्या तिरक्या काचेवर वेग, उंची आणि दिशा उमटते. भिंगांमधून आलेले किरण समांतर केलेले असतात, त्यामुळे आकडे काचेवर न दिसता दूर क्षितिजावर दिसतात. वैमानिकाला नजर जवळ आणून पुन्हा लांब न्यावी लागत नाही, आणि लढाईत तेवढे क्षण मोलाचे असतात.

सगळ्या बाजूंनी दिसणारं चित्र हवेत काढण्याचा सर्वांत धीट प्रयत्न अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात झाला. डॅनियल स्मॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण लेसरने हवेत पकडला, भराभर फिरवला आणि त्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश टाकत चित्र रेखलं. कोलीत गरगर फिरवलं की अंधारात जसं वर्तुळ दिसतं, तसंच हे. चित्र फार लहान होतं, पण भोवती फिरून पाहता येत होतं.

या विषयाबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं ते एवढंच: या चित्रांना जादू म्हणून टाळ्या वाजवून थांबू नये. गणेशोत्सवाच्या देखाव्यात किंवा एखाद्या समारंभात असं चित्र दिसलं की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावं. काच, पडदा किंवा आरसा कुठे आहे? मी बाजूला सरकलो तर चित्राची बाजू बदलते का? ते कागदावर धरता येईल का? दहा वर्षांच्या मुलालाही यातून निदान उत्तराची दिशा सापडते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हा प्रयोग घरीच करून पाहा. जुन्या फोटोफ्रेमची काच दोन विटांच्या आधाराने टेबलावर उभी करा. काचेच्या अलीकडे एक वीत अंतरावर पेटती पणती ठेवा आणि पाहणाऱ्याला ती थेट दिसू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा लावा. आडोसा फक्त पाहणाऱ्याच्या बाजूला, काचेकडची बाजू मोकळी. पलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा. खोलीतला दिवा मालवून पेला थोडा मागेपुढे सरकवा. ज्योत पाण्यात तेवताना दिसेल. लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने थांबावं. मग डोळे बारीक करून पुन्हा पाहा. काच जरा जाड असेल तर ज्योती दोन दिसतील, एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. एक काचेच्या पुढच्या पृष्ठभागाने परत पाठवलेली, दुसरी मागच्या.