ड्रायव्हरचा पगार

गेल्या ज्येष्ठात मला वीस वर्षे पूर्ण झाली. आमच्या घरी वाढदिवस करण्याची पद्धत नाही. पण त्या रात्री जेवताना आप्पांनी विचारले, "आता तुला मालाची गाडी चालवता येतीया नव्हं? कायद्यानं?" साधी गाडी अठराव्या वर्षी चालवता येते, मालवाहू गाडीला मात्र वीस पुरी असावी लागतात. हे आप्पांना माझ्याआधी ठाऊक होते. मी "होय" म्हटले आणि ताटातला भात संपवला. त्या प्रश्नामागे एक पिकअप उभी आहे, हे मला चार दिवसांनी कळले.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला. कोबी, बीन्स, नवलकोल, कोथिंबीर, आणि थोडी रताळी. यातला बराच माल जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. म्हापशाच्या बाजारात पहाटे गाडी लागली तर दर मिळतो. उजाडल्यावर लागली तर गिऱ्हाईक सांगेल तो दर. आप्पा आणि माझे दोघे काका मिळून एक गाडी भरतात. गाडी भाड्याची. एका खेपेला साडेचार हजार रुपये, आणि वर गाडीवाल्याच्या सवडीने वाट पाहणे. गेल्या मार्गशीर्षात तो लग्नाचे वऱ्हाड घेऊन गेला आणि आमची अठ्ठेचाळीस क्रेट कोथिंबीर अंगणातच पिवळी पडली. त्या दिवसापासून "आपली गाडी पाहिजे" हे वाक्य आमच्या घरात मुक्कामाला आले.

गाडी चंदगडकडच्या एका गृहस्थांची होती. महिंद्राची पिकअप, २००२ सालची, एमएच-०९ नंबरची. मागणी एक लाख साठ हजार. हौदा भक्कम, पाटे नवे, रंग ताजा. फक्त एक गोष्ट मालकांनी, अगदी सहज, चहाच्या दुसऱ्या घोटाबरोबर सांगितली. "इंजिन तेवढं बदललंय. ट्रॅक्सचं टाकलंय. पहिल्यापेक्षा चांगलं."

त्यात खोटे काही नव्हते. हे इंजिन मूळचे मर्सिडीझचे. पुण्याच्या बजाज टेंपोने ते १९८०च्या दशकात परवान्याखाली बनवायला घेतले (२००५ पासून ती कंपनी फोर्स मोटर्स झाली) आणि मॅटाडोरला, ट्रॅक्सला बसवले. मॅटाडोरचे हेच इंजिन पुढे कितीतरी अ‍ॅम्बॅसडर गाड्यांत आणि जीपमध्येही गेले. जुने मेस्त्री त्याच्याबद्दल एखाद्या दिवंगत पैलवानाबद्दल बोलावे तसे बोलतात. तेव्हा इंजिन वाईट होते असे माझे म्हणणे नाही. प्रश्न वेगळाच होता, आणि तो मला लगेच सुचला नाही.

आप्पा बैल घ्यायला गेले की कधी सांगून जात नाहीत. जनावर धुऊन, चारून, शिंगे रंगवून दाखवतात म्हणून. अदंत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे ते लांबूनच ओळखतात. पण गाडी पाहायला आम्ही फोन करून गेलो. गेल्या गेल्या आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. बॉनेट गरम होते. डिझेल गाडीची खरी परीक्षा थंड असताना पहिल्या स्टार्टला होते. हीटर प्लग नीट आहेत का, पांढरा धूर किती वेळ येतो, हे सारे तेव्हाच दिसते. ती परीक्षा आमच्या येण्याआधीच उरकून घेतली होती. "गाडी तापवून ठेवलीया," आप्पा पुटपुटले. आम्ही चहा घेतला आणि "परत येतो" म्हणून निघालो.

दुसऱ्या खेपेला न सांगता, सकाळी साडेसहाला गेलो. बरोबर बेळगावचे एक कन्नड मेस्त्री होते. आप्पांना बाजारापुरते कन्नड येते, पण इंजिनाचे कन्नड येत नाही. म्हणून मी मध्ये. माझे शालेय शिक्षण सगळे मराठी माध्यमातले. कन्नड मी शिकलो ते शाळेत एक विषय म्हणून आणि त्याहून जास्त गल्लीत, क्रिकेट खेळताना. त्यामुळे मला आऊट आणि शिव्या चांगल्या समजतात, गिअरबॉक्सच्या वेळी अडखळतो.

मेस्त्रींनी गाडी चालू करायला लावली. तिसऱ्या सेलला उठली. त्यांनी ऑइल भरायचे झाकण उघडून वर तळहात धरला. बॅक कॉम्प्रेशन फार नाही म्हणाले. धूर काळसर होता, निळा नव्हता. निळा म्हणजे ऑइल जळते. मग ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते बोटाला काळे लावून, आणि एक वाक्य बोलले. "इंजिन चलो ऐत्री, आद्र ई गाडीदल्ल." इंजिन चांगले आहे, पण या गाडीचे नाही.

एवढे तर आम्हाला माहीत होते. पण त्यांचे म्हणणे पुढे होते. इंजिनाची फाउंडेशन वेल्डिंग करून बसवली होती, ती धरतील. रेडिएटर जुन्याच इंजिनाचा होता, तोही चालून जाईल. पण ब्रेकच्या बूस्टरला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप दोन तुकडे जोडून तारेने बांधलेला होता. पेट्रोल इंजिनात ओढ आपोआप तयार होते, डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा पंप लागतो. इंजिन बदलले की ही जोडणीही नव्याने करावी लागते. इथे ती कशीबशी केली होती. पाइप सुटला तर ब्रेक जात नाही, पण पेडल दगडासारखे होते आणि सगळा भार पायावर येतो. आता हे पाहा. आमचा माल घाट चढत नाही, उतरतो. भरलेली गाडी चोर्ल्याची वळणे उतरते आणि रिकामी परत चढते. म्हणजे आम्हाला इंजिनापेक्षा ब्रेकची काळजी जास्त. पाइप बदलायला खर्च थोडाच. पण ज्याने तो तारेने बांधला त्याने आणखी काय काय बांधले असेल, या विचाराला खर्चाचा आकडा नव्हता.

मी आर.सी. पाहिली. चेसिस नंबर जुळला. इंजिन नंबर अर्थातच जुळला नाही, कागदावर त्या गेलेल्या इंजिनाचाच होता. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि चौदा दिवसांत ते आर.सी.वर चढवावे लागते. मालक म्हणाले, "आठ वर्षं झाली, कुणी विचारलं नाही." इंजिन कुठून घेतले त्याची पावती? तीही नव्हती. उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर? विम्याच्या वेळी नंबर पाहिला तर? शिवाय ही महाराष्ट्राची गाडी. कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडची 'ना हरकत', इकडचा कर आणि नवा नंबर. जुनी असल्याने फिटनेस दरवर्षी, आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२२ पासून वाढलेली. बेळगावातून चंदगडला जायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही, पण कागदाला किती लागेल हे सांगता येत नाही.

आप्पा म्हणाले, "कागदाचं बघू. आधी हिशेब मांड. कॉमर्सला घातलंय कशाला?"

मग मी खरोखरच हिशेब मांडला. दोन रात्री. हसू नका, बी.कॉम.च्या पाचव्या सत्रापर्यंत मी एवढ्या मनापासून कुठलाही हिशेब केलेला नव्हता. वर्षाला साठ खेपा धरल्या. भाडे २,७०,००० रुपये वाचणार. समोर डिझेल, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, खेपेला १,८५० म्हणजे १,११,०००. विमा, कर, फिटनेस, टायर, ऑइल, किरकोळ दुरुस्ती मिळून ६०,०००. राहिला घसारा.

घसाऱ्यापाशी मी अडलो. सर वर्गात इंग्रजीतून शिकवतात, आणि त्या इंग्रजी शब्दात किंमत उतरणे एवढेच आहे. मराठीत घसारा म्हणजे घासून झिजणे. कन्नडमध्ये सवकळी, तिचाही अर्थ झीजच. (याच अंकाच्या कन्नड विभागात माझ्या मित्राने लिहिले आहे, त्याच्याकडून खात्री करून घेतली.) पण झीज कशाची मोजू? चेसिस २००२ची. इंजिन कुठल्या सालचे, देव जाणे. पाटे गेल्या वर्षीचे. या गाडीचे वय किती? आमच्या आज्जीच्या विळ्याची मूठ दोनदा आणि पाते एकदा बदलले, तरी ती "माझ्या लग्नातला विळा" म्हणते. आज्जीला विळा विकायचा नाही म्हणून ते चालते. मी शेवटी भाड्याच्या मालमोटारीचा ३० टक्के दर घेतला, ४८,००० रुपये. एकूण खर्च २,१९,०००. वर्षाला बचत ५१,०००.

वही आप्पांपुढे ठेवली. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. बोट ठेवत एकेक ओळ वाचत गेले आणि खाली येऊन थांबले.

"ड्रायव्हरचा पगार कुठाय?"

मी म्हटले, "मीच चालवणार की."

"ते कळालं. पगार कुठाय?"

खरे सांगतो, मी तो विसरलो नव्हतो. मांडायचे टाळले होते. मांडला असता तर दिसले असते, की साठ खेपा म्हणजे साठ रात्री. रात्री बाराला निघायचे, पहाटे म्हापसा, दहापर्यंत परत आणि साडेदहाचे लेक्चर. पुढे एम.कॉम. करायचे माझ्या मनात आहे, ते मी घरी कोणाला नीट सांगितलेले नव्हते. न मांडलेल्या ओळीत ते सुरक्षित होते. गाडीला मी नको म्हणू शकत नव्हतो, कारण पिवळी पडलेली कोथिंबीर मीही उचलून टाकली होती. आणि हवी असेही मला म्हणता येत नव्हते.

आप्पांनी माझ्या हातातले पेन घेतले. "परका ड्रायव्हर ठेवला तर खेपेला सातशे घेतोय," म्हणाले, आणि त्यांच्या त्या मोठ्या, एकमेकांना न चिकटणाऱ्या अक्षरांत ४२,००० लिहिले. उरले ९,०००.

नऊ हजार रुपयांकडे आम्ही दोघे जरा वेळ बघत बसलो. मग मी एम.कॉम.चे सांगितले. आप्पा म्हणाले, "मग हे पण लिहायला पाहिजे होतं की रे." रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

आम्ही मालकांना निरोप दिला. इंजिनाची नोंद आर.सी.वर करून द्या, 'ना हरकत' काढा, पाइप आमचा आम्ही घालतो, मग दीड लाख. ड्रायव्हर धाकट्या काकांच्या ओळखीतला ठेवायचा असे ठरले होते. नऊ हजार तर नऊ हजार, पण माल वेळेवर जाईल, असे आप्पांचे गणित. मालक म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर फोन केला तर गाडी आहे त्या कागदांवर दुसऱ्या कोणाला तरी गेली होती, दीड लाखालाच.

भाड्याची गाडी अजून चालू आहे. मागच्या महिन्यात परीक्षा संपल्यावर मीही एका खेपेला आप्पांबरोबर गेलो. परतताना कणकुंबीच्या पुढे धुके होते. आमच्या गाडीवाल्याने वेग कमी केला, तेवढ्यात समोरून एक भरलेली पिकअप घाटाकडे निघून गेली. कोबीच होता. हौदा ओळखीचा, नंबर अजून एमएच-०९चाच. इंजिनाचा आवाज छान, एकसारखा येत होता.

आप्पा काचेतून मागे वळून, मागचे लाल दिवे धुक्यात जाईपर्यंत पाहत राहिले.

"पाइप बदलला असंल काय रे त्यांनी?"