बझर कशासाठी वाजत होता

"वायर काढून टाक, डोकेदुखी मिटेल." आमच्या जुन्या डिझेल व्हॅनचा बझर अधूनमधून वाजायला लागला, तेव्हा निरगुडसरमध्ये ज्याने त्याने मला हाच सल्ला दिला. देणारे सगळे गाडीवालेच. कुणाचा टेम्पो टोमॅटो घेऊन नारायणगावला जातो, कुणाची पिकअप तरकारी घेऊन मंचरच्या मार्केटला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपल्या गाडीचा बझर असाच गप्प केलेला. मला ते पटेना. आमच्या व्हॅनमध्ये माणसं बसतात. भजनी मंडळ, तोडणीला निघालेल्या बाया, कधी रात्री-अपरात्री मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचा पेशंट. श्रावणात घोडेगाव, डिंभे, तळेघर करत भीमाशंकर. परतीला घाट उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर.

अडचण अशी, की बझर वाजायचा पण डॅशबोर्डवर एकही दिवा लागायचा नाही. आमच्या गाडीत बझर एकच आणि तो कितीतरी कारणांनी वाजतो. नेमकं काय बिघडलंय ते दिव्यावरून कळायचं. वायरमनने हँडब्रेकचा स्विच पाहिला, दाराचा पाहिला, ब्रेक ऑइलच्या डबीतला फ्लोट हलवून पाहिला. सगळं ठीक. गॅरेजमध्ये उभी केली की गाडी चिडीचूप. शेवटी तो म्हणाला, बझरच खराब असेल, बदलून टाकू.

मी थांबलो आणि बझर कधी वाजतो यावर लक्ष ठेवायला लागलो. सकाळी थंड इंजिनवर कधीच नाही. हायवेला मोकळी पळाली तरी नाही. हंगामाचे दिवस होते. पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. त्यांच्यामागे अडकलं, ब्रेक मार, सोड, पुन्हा मार असं सुरू झालं, की हा हमखास वाजायचा. जरा रेस दिली की आपोआप बंद. खड्ड्यात आदळल्याने किंवा वळणाने काही फरक पडत नव्हता, म्हणजे वायरिंग ढिलं असण्याची शक्यता कमी.

आमच्या चुलत्यांनी, नानांनी, उमेदीची वर्षं मॅटाडोर चालवण्यात घालवली. त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गाडी चालू करू नको. नुसती चावी फिरव आणि कोणता दिवा लागत नाही ते बघ." चावी फिरवल्यावर सगळे दिवे एकदा लागायला हवेत. ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. एका कोपऱ्यातली चौकट काळीच राहिली. उन्हात दिसेना, म्हणून नानांनी खांद्यावरच्या टॉवेलची सावली धरली, तेव्हा काचेवरची पुसट खूण वाचता आली. व्हॅक्युमचा दिवा! बल्ब केव्हाच उडालेला. बझर खरंच सांगत होता.

पेट्रोल इंजिन हवा ओढतं तिथे झडप असते, तिच्यामागे आपसूक व्हॅक्युम तयार होतो. जुन्या डिझेल इंजिनाला तशी झडप नाही. म्हणून वेगळा पंप लागतो. आमच्या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीला आहे. तो ब्रेकच्या बूस्टरमधली हवा ओढून घेतो आणि त्या जोरावर पाय हलका पडतो. व्हॅक्युम गेला तर ब्रेक लागतो, पण पेडल दगडासारखं होतं आणि सारं बळ पायाला लावावं लागतं. भरल्या गाडीने घाटात हे होणं किती वाईट, ते वेगळं सांगायला नको.

नानांनी गाडी फिरवून इंजिन गरम केलं, बंद केलं आणि थोड्या वेळाने ब्रेक दाबला. पेडल मऊ गेलं. म्हणजे बूस्टरने व्हॅक्युम धरून ठेवला होता, त्याच्या तोंडाशी असलेला एकेरी व्हॉल्व्हही शाबूत. मग पेडल कडक होईपर्यंत ब्रेक मारले, पाय दाबून ठेवला आणि स्टार्टर मारला. पेडल खाली बसायला हवं. बसलं, पण फार सावकाश. गळती पंप आणि व्हॉल्व्हच्या मधेच असणार. स्लोइंगला पंप मुळात हळू ओढतो, त्यात गळती. प्रत्येक ब्रेकला खर्च होणारा व्हॅक्युम भरून निघत नव्हता. रेस दिली की पंप पुरा पडायचा.

नानांनी ठिबकची नळी हातभर कापून घेतली. एक टोक कानाला, दुसरं पंपाच्या रबरी पाइपवरून फिरवत नेलं, पट्ट्यापासून लांब राहून. वाकणाशी थांबले. नळी माझ्या कानाला लावली. इंजिनाच्या आवाजातून बारीक सूंऽऽ ऐकू आलं. गाडी बंद करून पाइप मुरगळला, तर वाकणाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर. थंड असताना मिटलेली, रबर तापून मऊ झालं की उघडणारी. तिच्यावर टेप घट्ट गुंडाळली, गाडी चालू केली आणि ब्रेकवर ब्रेक मारले. बझर वाजला नाही.

दुकानात आधी साधा डिझेलचा पाइप पुढे केला होता. तो चालत नाही. ओढीने आत चपटतो. जाड भिंतीचा व्हॅक्युमचाच पाइप मागून घेतला, सोबत दोन क्लिपा आणि किरकोळ किमतीचा तो बल्ब. दुसऱ्या दिवशी अवसरी घाटात ट्रॉल्यांच्या मागून मुद्दाम गाडी नेली. पेडल हलकं, दिवा बंद.

गावातल्या एका टेम्पोवाल्याने हे पाहिलं आणि आपली तोडलेली वायर नानांकडून जोडून घेतली. चावी फिरवताच बझर वाजायला लागला, इंजिन चालू झालं तरी थांबेना. बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.