कालव्याकांठची धांव

आमच्या घराण्याचा धांवण्याशीं संबंध आजवर फक्त आगगाडीपुरता होता. एकदां गाडी चुकूं नये म्हणून वडील कऱ्हाड स्टेशनाच्या फलाटावर धांवले होते, आणि ती हकीकत पुढें पंचवीस वर्षें सणावाराच्या पंगतींत चवीनें सांगितली जात असे. अशा घरांत, तीन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत, थोरल्या बंधूंच्या मुलीनें जेवतां जेवतां जाहीर केलें कीं, पुढच्या वर्षीं साताऱ्याच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्यें ती धांवणार आहे. वहिनींच्या हातांतली पळी जागच्या जागीं थांबली. बंधूंनीं "एकवीस किलोमीटर म्हणजे मैल किती?" एवढेंच विचारून घेतलें. चौऱ्यांशीं वर्षांच्या आईचा प्रश्न मात्र मुद्द्याचा होता. ती म्हणाली, "शर्यतीचें राहूं दे. रोज पळणार कुठें?"

"कालव्याच्या कडेनें, आजी."

आई कांहीं बोलली नाहीं; पण त्या रात्रीं तिनें ताकभात घेतला नाहीं. त्याचें कारण घरांत सर्वांस ठाऊक होतें. आईचें माहेर कृष्णा कालव्याच्या खालच्या अंगाला. तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ त्या कालव्यांत वाहून गेला, तेव्हां ती स्वतः नऊ वर्षांची होती. याहून अधिक तिनें आम्हांला कधीं सांगितलें नाहीं. आम्हां भावंडांना पोहावयास नदीवर पाठविलें गेलें, पाठीला सुकडी बांधून विहिरींतही ढकललें गेलें. परंतु कालव्याकडे फिरकावयाचें नाहीं, हा नियम तिनें कधीं सैल केला नाहीं. आम्ही त्यास आईची भीति म्हणत असूं.

मी मध्यस्थ या नात्यानें सुचविलें कीं, नदीकांठानें पळावें. कृष्णेच्या कांठीं जन्मलेल्या माणसास यापरतें सुंदर काय वाटणार? पण कल्पनेंतला नदीकांठ निराळा आणि पायांखालचा निराळा. वाईहून मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटाकडे जाणारी वाट पहांटे धांवावी अशीच आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस वेण्णा कृष्णेला मिळते तेथूनही लवकर पाय निघत नाहीं. परंतु हीं स्थळें रविवारचीं. रोजच्या धांवण्यास जी अखंड वाट लागते ती नदी देत नाहीं. आमच्या कऱ्हाडास कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. तेथील घाटावर फेऱ्या घालतां येतात. पण थोडें पुढें गेलें कीं ओढा आडवा येतो, मळीची माती टांचेला चिकटते, आणि ऊंस थेट कांठापर्यंत लावलेला असतो. नदी आपला कांठ दर पावसाळ्यांत नव्यानें कोरते. तेथें पायवाटेनें टिकावें तरी कसें?

त्याच हिवाळ्यांत आम्ही सांगलीस बहिणीकडे गेलों होतों. पुतणी पहांटे आयर्विन पुलावरून धांवत निघाली आणि मी सायकलीवर मागें. 1929 सालचा हा पूल म्हणजे सांगलीकरांचें पूर मोजण्याचें माप. पाणी येथें 40 फुटांवर आलें म्हणजे इशारा, 45 फुटांवर धोका. आणि ऑगस्ट 2019 मध्यें तें 57 फुटांच्याही वर गेलें. बहिणीच्या घराची पहिली माडी तेवढी कोरडी राहिली होती. परतून आम्ही हरिपुरास गेलों. वारणा तेथें कृष्णेस मिळते, आणि हळदीचीं पेवें हें त्या गांवाचें जुनें वैभव. 2005 च्या महापुरानें त्याचीही पुष्कळ हानि केली. संगमावर पुतणी पाण्याच्या कडेनें निघाली तशी एका कोळ्यानें हांक मारली, "ताई, वरनं जावा. मगरी उन्हाला येऊन पडत्यात." ही थट्टा नव्हती. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या बाजूस कृष्णेंत मगरी आहेत, आणि माणसांवर हल्ले झाल्याच्या घटनाही आहेत. नदीकांठाचा माझा आग्रह तेथेंच संपला.

राहिला कालवा. कऱ्हाडच्या वरच्या अंगास खोडशी येथें कृष्णेवर बंधारा आहे. इंग्रजी अमदानींत, 1860 नंतरच्या दशकांत, हें काम झालें, आणि तेथून डाव्या तीरानें निघालेला कालवा कऱ्हाड, वाळवें, तासगांव या बाजूच्या जमिनी भिजवूं लागला. कालव्याचा स्वभाव नदीच्या उलट. नदी उतार दिसला कीं उधळते. कालव्यास तो कंजुषासारखा जपून खर्चावा लागतो. म्हणून तो एकाच उंचीची रेषा धरून टेकाडास वळसा घालतो, ओढ्यावरून बांधीव मोरीनें पलीकडे जातो, आणि कांहीं मैलांनंतर नदी खालीं राहून आपण वरून चाललों आहों असें दिसतें. त्याच्या भरावावरून तपासणीचा कच्चा रस्ता जातो, तोही अर्थात् तितकाच सपाट. एका हातास पाणी, दुसऱ्या हातास खालीं ऊंस आणि हळद, मधून मधून बाभळी. कारखान्याच्या हंगामांत ऊंसाच्या ट्रॅक्टरांनीं मोठे रस्ते अडवून टाकलेले असतां येथें पहांटे फक्त टिटवीचा आवाज. लांब पल्ल्याच्या सरावास आमच्या बाजूला याहून चांगली वाट मला ठाऊक नाहीं. मात्र ज्या शर्यतीसाठीं हा सारा खटाटोप होता ती यवतेश्वराचा घाट चढून जाते, ही गोष्ट पुतणीनें मला तीन महिन्यांनंतर सांगितली!

आईची संमति कशी मिळाली? वाद घालून मिळाली नाहीं. पुतणीनें आपल्या अभ्यासाच्या मेजावर ललिता बाबर हिचें चित्र लावलें होतें. आईनें एका दुपारीं तिच्याविषयीं विचारलें. माण तालुक्यांतील मोही गांवची ही मुलगी 2016 सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरी गांठून दहावी आली. त्या शर्यतींत सात वेळां पाण्यावरून उडी टाकावी लागते, हें ऐकून आई म्हणाली, "माणांतली मुलगी, आणि पाण्यावरून उड्या?" आणि हंसली. दुष्काळी माण तिला चांगलें ठाऊक होतें. संध्याकाळीं तिनें मला बोलाविलें. अटी दोन. मुलगी एकटी जाणार नाहीं, मी सायकलीवर बरोबर राहावयाचें. आणि सायकलीला वीस हात सोल, टोंकाला रिकामा डबा बांधून, कायम असावयाचा. साठी उलटलेल्या मला कोणी विचारलेंच नाहीं.

अशा रीतीनें माझीं पहांटेचीं सहलींचीं वर्षें सुरू झालीं. सैदापुराजवळ कालव्यावर चढावें आणि खालच्या अंगास पांच-सहा मैल जाऊन परतावें, असा क्रम ठरला. एका पाटकऱ्याशीं ओळख झाली. आवर्तन केव्हां सुटणार, दार कोठें उघडलें आहे, हें त्याला तोंडपाठ. त्याच्याकडून मीं जें शिकलों त्यानें माझी झोंप उडाली. नदींतला भोंवरा दिसतो, तिचा आवाज तरी येतो. भरलेला कालवा मुकाट्यानें चालतो. जेथें सिमेंटचें अस्तर केलें आहे तेथें शेवाळ धरलेल्या उतरणीवर हात टेंकण्यास जागा नसते. चांगला पोहणाराही पाण्याशीं झगडून नव्हे, कांठाशीं झगडून थकतो. "पडला तर पाण्यासंगं जावं, आन् पायऱ्या येतील तिथं धरावं," असें तो म्हणे. आईच्या नियमास आम्ही पन्नास वर्षें भीति म्हटलें होतें, याची मला लाज वाटली.

माघ महिन्यांतली गोष्ट. एका धनगराचा कळप भरावाखालीं बसला होता. आवर्तन चालू होतें. पाणी प्यावयास उतरलेलें एक कोकरूं अस्तरावरून घसरलें, आणि त्याच्यामागें दहा वर्षांचें एक पोर उडी टाकण्याच्या बेतांत. मीं सायकल टाकली आणि त्याचा दंड धरला. पोर ओरडत होतें, कळपावरचीं माणसें ओरडत होतीं, मीही ओरडत होतों. आम्ही सारे कोकरूं पडलें त्या जागेकडे तोंड करून उभे. एका हातानें मीं सोल फेंकला तो माझ्याच पायांत गुरफटला. पुतणी मात्र दिसेना. पाहतों तों ती पाण्याकडे न बघतां खालच्या दिशेनें धांवत सुटली होती. दोन फर्लांगांवर पूल आहे, आणि त्याच्या अलीकडे बायकांच्या धुण्याच्या पायऱ्या. कालव्याची गति चालत्या माणसाएवढी. ती पोंचली तेव्हां कोकरूं अर्ध्या वाटेवर होतें. ती शेवटच्या पायरीवर पालथी पडून वाट पाहत राहिली आणि येतांच तिनें त्याची मागची तंगडी धरली. आईचा सोल, डबा आणि मी असे तिघे नंतर पोंचलों.

घरीं हें सांगावें कीं नाहीं, याचा मीं वाटेंत पुष्कळ विचार केला. परंतु पुतणीचें कोपर खरचटलेलें वहिनींनीं पाहिलें, आणि सर्व बाहेर आलें. आईनें निवडावयास घेतलेली मेथी बाजूला ठेवली. तिनें दोनदां तेंच विचारलें: "तूं पुढें पळालीस? पडलें तिथें नाहीं थांबलीस?" मग बऱ्याच वेळानें म्हणाली, "आम्ही सगळीं तिथेंच उभीं होतों. जिथें पडला तिथेंच. हांका मारीत. पूल कांहीं फार लांब नव्हता."

पंचाहत्तर वर्षांत हें तिनें प्रथमच उच्चारलें. कोणास काय बोलावें सुचेना. वहिनींनीं उठून दिवा लावला.

पुतणी पुढें साताऱ्याची शर्यत धांवली. पहिल्या शेंकड्यांतही तिचा नंबर आला नाहीं. घाटानें तिची दमछाक केली, आणि तिच्या मतें त्यास माझा सपाट कालवाच कारण. असो. त्या शर्यतीनंतर एका सकाळीं आईनें आपण होऊन रिक्षा बोलाविण्यास सांगितलें, आणि आम्ही तिला कालव्यावर नेलें. पाणी चालू होतें. भरावावर काठी टेंकून ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिनें नातीला विचारलें, "कोकरूं कुठें पडलें होतें?" तिनें जागा दाखविली.

"आणि पायऱ्या?"

"त्या तिकडे, आजी. पुलाअलीकडे."

"पळून दाखव."

ती साडेदोन मिनिटांत पोंचली आणि तेथून हात वर केला. आईनें कपाळावर हात धरून तिकडे पाहिलें, मग खालीं पाण्याकडे पाहिलें. "तिला हांक मार," ती मला म्हणाली. "ऊन्ह झालें. घरीं जाऊं."