घाट उतरताना

चढणीचं कौतुक सगळ्यांनाच. कर्जतला मागून इंजिनं लागतात, गाडीला रेटत घाटमाथ्यावर नेतात, ही गंमत लहानपणीच मनात घर करते. मला मात्र पुण्याहून मुंबईला येतानाचा उतार भावतो. पावसाळ्यात खंडाळा मागे पडतं, खिडकीत नुसतं धुकं असतं आणि बोगद्यातून गाडी बाहेर पडते ती दबकत. मग डब्यात करपट वास शिरतो. डुलकी घेणारे आजोबा डोळे न उघडताच म्हणतात, "घाट लागला. ब्रेकचा वास आला."

ब्रेक हा इंग्रजी पाहुणा आता घरचाच. रिक्षावाला तो मारतो, कुणाच्या बढतीला तो लागतो आणि वाचाळ माणसाला तर तो तोंडाला लावायला सांगतात. बहुतेक वेळा त्याच्यावर अडवणुकीचाच शिक्का. बोरघाटात त्याची थोरवी कळते.

1863 साली सुरू झालेल्या या मार्गावर काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट उतार आहे. आगगाडीच्या हिशेबात हा कडाच. म्हणून मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी उतरती गाडी थांबते. तिथले सांधे मुळात वळवलेले असतात ते कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर जाऊन संपणाऱ्या फाट्याकडे. गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच पुढची वाट मोकळी होते. बेफाम सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन दमते.

डब्याखालची करामत त्याहून न्यारी. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या एअर ब्रेकमध्ये नळीतली दाबाची हवा ब्रेक सैल ठेवते. आपल्याकडे हा दाब चौरस सेंटिमीटरला 5 किलो. साखळी ओढली किंवा नळी तुटली की दाब उतरतो आणि प्रत्येक डबा आपल्या टाकीत साठवलेल्या हवेनिशी स्वतःची चाकं आवळतो.

आपण संयमाची शोधाशोध करतो ती राग डोक्यात गेल्यावर, ऐन उतारावर. तोवर टाकी रिकामी असते. थांबायची सवय सपाटीवरच अंगवळणी पडावी लागते, आणि त्यासाठीचा साठा ज्याचा त्याने करायचा असतो. पुढच्या इंजिनावर हवाला ठेवून भागत नाही. ठाकूरवाडीला "आता इथे कशाला थांबवली?" म्हणून कुरकुरणाऱ्या सहप्रवाशाला मी एवढंच सांगतो, "थांबली म्हणून तर पुढे सोडणार आहेत."