पऱ्हाटी उपटायची कायले?

जानेवारी संपत आला तरी माझ्या वावरातली पऱ्हाटी हिरवीगार होती. शेवटचा वेचा निघाला होता, पण शेंड्याला नवी पालवी फुटत होती. विहिरीला पाणी होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडी कापसाचा भाव चढतो, असं जिनिंगपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळेच सांगत होते. वडील थकले म्हणून नागपूरची नोकरी सोडून मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीला परत आले, त्यानंतरचा हा माझा पहिलाच हंगाम. एक-दोन पाणी दिलं, थोडा युरिया टाकला तर त्याच झाडांवर अजून कापूस येईल, हे माझ्यासारख्या नवख्या बाईलाही दिसत होतं. मग सगळे पऱ्हाटी उपटा म्हणून मागं का लागले होते? कृषी केंद्रात चार लोक बसले होते, त्यांच्यासमोर मी हेच विचारलं.

“ताई, तो विषय २०१७ लेच मिटला,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “दरसाल कोनी ना कोनी नवीन मानूस येते अन् फरदडीचंच काढते.” तिसऱ्यानं भिंतीवरच्या फलकाकडं बोट दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, फरदड घेऊ नका; म्हणजे शेवटच्या वेच्यानंतर पाणी देऊन त्याच झाडांवर पुन्हा कापूस घेऊ नका. खाली गुलाबी बोंडअळीचं चित्र होतं.

माझा खरा गोंधळ तिथून सुरू झाला. विषय मिटला, पण कुठं मिटला? कुणी काय म्हटलं, कुणी काय अडवलं, शेवटी कोणत्या मुद्द्यावर सगळे थांबले, यातलं काहीच कुठं लिहिलेलं नव्हतं. ती सगळी बोलणी जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगेत, बांधावर आणि मयतीला जमलेल्या माणसांत झाली होती. जे तिथं होते त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्यापर्यंत पोचली ती एक ओळ. आणि असं फक्त फरदडीचंच नव्हतं. हंगामभर मी जे जे विचारलं, दोन झाडांत अंतर किती ठेवायचं, घरची सरकी पुढच्या साली का लावायची नाही, १ जूनच्या आधी लागवड का नको, त्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं: ते बोलून झालं.

शेजारच्या वावरातले काकाजी मात्र तसं म्हणाले नाहीत. ते माझ्या वावरात आले. एक हिरवं, न फुटलेलं बोंड तोडून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “हे चांगलं हाय का किडकं?” बोंडाला डाग नव्हता, छिद्र नव्हतं. मी म्हटलं, चांगलं. त्यांनी खिशातल्या चाकूनं त्याची एक पाकळी उकलली. आत रुई पिवळसर पडलेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या मधोमध बोटाच्या पेराहून लहान, गुलाबी पट्ट्यांची अळी. ती अगदी लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याची जागा बुजून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, आणि फवारा आत पोचत नाही. मग त्यांनी एक फूल दाखवलं. त्याच्या पाकळ्या वर एकमेकींत गुंतलेल्या, न उमललेल्या. ही डोमकळी. आत अळी असली की फूल असं मिटून राहतं. हंगामभर अशी फुलं मी पाहिली होती, पण ती उशिरा उमलत असतील असं समजून पुढं गेले होते.

“इले कापसाबिगर दुसरं खायला फारसं चालत नाही,” काकाजी म्हणाले. सगळं कारण या एका वाक्यात होतं. अमेरिकन बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. गुलाबी अळीचं तसं नाही. वावरं रिकामी झाली की तिची उपासमार होते. काही अळ्या सरकीत, वाळक्या बोंडात, मातीत सुप्त पडून राहतात आणि पावसाच्या तोंडी पतंग होऊन बाहेर येतात. त्या वेळी वावरात कापसाला पात्याफुलं नसतील तर पतंगांची पुढची पिढी जगत नाही. १ जूनपूर्वी लागवड नको म्हणतात ते यासाठी. आणि कुणी एकानं जरी उन्हाळ्यापर्यंत फरदड राखली, तरी अळीला मधले सगळे महिने जेवण मिळतं आणि तीच पुढच्या साली शिवारभर पसरते. माझ्या विहिरीच्या पाण्यावर माझा एक वेचा निघाला असता, पण त्याची किंमत ज्यांच्याकडं विहीर नाही अशा कोरडवाहू शेजाऱ्यांनी दिवाळीत मोजली असती. फलकावरच्या ओळीत हे नव्हतं.

काकाजींनी २०१७ बद्दल फार सांगितलं नाही. त्या साली गुलाबी अळीनं महाराष्ट्रातला कापूस पोखरला, आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. झाडं डोक्याएवढी वाढलेली, औषधं एकात एक मिसळलेली, तोंडाला फार तर रुमाल. मी अधिक विचारायला लागले तसे ते गप्प झाले आणि बांधाकडं निघाले. लोक ‘तो विषय मिटला’ म्हणतात त्यामागं नुसता कंटाळा नसतो, हे मला तेव्हा उमजलं. पुन्हा बोलायचं म्हणजे त्यांना पुन्हा त्या सालात जावं लागतं. नवख्याला ते साल माहीत नसतं, म्हणून त्याला विचारणं सोपं जातं.

पण मिटलेला विषय खरोखर मिटलेला असतो का? मी जुनं वाचायला घेतलं तेव्हा कळलं की ही अळी पहिल्यांदा शास्त्रात नोंदली गेली ती १८४३ साली, आणि तीही भारतातल्याच, भडोचच्या कापसावरून. मद्रास इलाख्यात १९१९ च्या कायद्याखाली कंबोडिया कापसाची झाडं ठरलेल्या तारखेच्या आत उपटून टाकावी लागत. म्हणजे पऱ्हाटी उपटायची की ठेवायची, हा वाद शंभर वर्षांपूर्वी सरकारी कायद्यापर्यंत पोचला होता. पुढं २००२ मध्ये बोंडअळीला मारणारा बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड २ आलं, आणि बोंडअळीचा विषय आता कायमचा संपला असं सगळ्यांनीच धरलं. वडील सांगतात, त्या वर्षांत पाणी असलेला माणूस मार्च-एप्रिलपर्यंत पऱ्हाटी ठेवायचा. अळीच नव्हती, तर उपटायची कशाला? २०१४-१५ च्या सुमाराला गुजरातेत गुलाबी अळी बोलगार्ड २ वर जगताना दिसली, तेव्हा संपलेला विषय पुन्हा उघडला.

वडिलांच्या खोलीत, फवारणी पंपाच्या मागं, मला न फोडलेल्या पुड्यांचा गठ्ठा सापडला. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी सरकीची ही पुडी मिळायची. वावराच्या कडेनं तिच्या ओळी लावायच्या, म्हणजे तिथं वाढलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांचा बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी संकर होतो आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. वडील म्हणाले, “कोनी लावत नव्हतं. काहून लावाची, हे कोनी सांगितलं बी नव्हतं.” आता ते बियाणं पाकिटातच मिसळून येतं. पण तेव्हा एखाद्या नवख्यानं ‘ही पुडी कशाला?’ असं पुन्हा पुन्हा विचारत राहायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

अंतराचंही तसंच. पूर्वी देशी कापूस तिफणीनं दाट पेरत. १९७० मध्ये सुरतेहून एच-४ हा पहिला संकरित कापूस आला, बियाणं महाग झालं, मग चौफुलीवर एकेक दाणा टोबायची रीत पडली. दाट लावणारा अडाणी ठरला. आज नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतूनच सघन लागवडीचा प्रचार होतो आहे. कमी उंचीची, लवकर आटोपणारी झाडं जवळजवळ लावायची, म्हणजे अळी वाढायच्या आत पीक घरात येतं. ज्यानं १९८० साली अंतराचा प्रश्न मिटवला त्याचं उत्तर तेव्हाच्या बियाण्यासाठी बरोबर होतं. बियाणं बदललं आणि प्रश्न पुन्हा जिवंत झाला. जुन्या माणसाला उत्तर पाठ असतं, म्हणून हा बदल त्याच्या नजरेतून सुटू शकतो. नवख्याला उत्तर माहीतच नसल्यामुळं तो प्रश्नापासून सुरुवात करतो.

मी पऱ्हाटी उपटली. त्यानंतर कृषी सहायकांच्या शेतीशाळेत, लिंबाखाली, तोच विषय मुद्दाम पुन्हा काढला. काही जण वैतागले. पण सहायकांनी कामगंध सापळा हातात घेऊन समजावलं की पाहणीसाठी हेक्टरी पाच सापळे लावायचे, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ झाली. मागं बसलेला एक तरुण हळूच म्हणाला की त्यानं अर्धा एकर फरदड ठेवली आहे, बँकेचा हप्ता आहे म्हणून. त्याला कुणी झोडपलं नाही. नंतर बराच वेळ हप्ता, फरदडीऐवजी काय पेरता येईल, विहिरीच्या पाण्यावर भुईमूग परवडेल का, यावर बोलणं चाललं. फलकापुढं ते कधीच झालं नसतं.

मग मी दुसरं विचारलं. आम्ही पऱ्हाटी उपटतो आणि तिचे ढीग घराशेजारी, बांधावर रचतो. चुलीला वर्षभर पऱ्हाट्या लागतात. त्या काड्यांना वाळकी बोंडं तशीच लटकलेली असतात आणि त्यांत अळ्या सुप्त असतात. मग वावर रिकामं करून आपण अळी अंगणात आणून ठेवली, असं नाही का? पुरुष मंडळी थांबली. बायकांतून एकजण म्हणाली, “मंग चुलीत काय घालाचं?” गॅसचं सिलिंडर भरणं सगळ्यांना परवडत नाही, आणि पऱ्हाटीची कुट्टी करणारं यंत्र भाड्यानं आणायला पैसे लागतात. कुणी म्हणालं ढिगावरची बोंडं आधी तोडून जाळावीत, कुणी म्हणालं पाच घरांनी मिळून यंत्र आणावं आणि कुट्टी वावरातच गाडावी.

त्या दिवशी काही ठरलं नाही. बोंडं तोडायचं काम बायकांनीच करायचं, हे मात्र सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याची मजुरी कोण देणार, हा विषय पुढच्या शेतीशाळेत मीच काढणार आहे.