पायाखालचा वारा

दिवाळी सरली की सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू होतात आणि रात्री उशिरा देवळासमोर दशावताराचा खेळ उभा राहतो. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडे. संगीत म्हणजे पखवाज, झांज आणि पायपेटी. मालवणजवळच्या एका गावातला एक तरुण लहानपणी या पायपेटीला टेकून खेळ पाहत असे, कारण पेटीवर त्याचे आजोबा असत. पुढे तो शिकायला पुण्याला गेला, गिटार वाजवू लागला आणि एके दिवशी इफेक्ट पेडल घेण्यासाठी दुकानात जाऊन उभा राहिला. साठवलेल्या पैशांत एकच पेडल येणार होते. काचेच्या कपाटात मात्र रंगीबेरंगी डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डबा काही ना काही वचन देत होता.

त्याच्या अडचणीचे उत्तर ज्या इतिहासात आहे, तो पायाचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

१८४०च्या दशकात पॅरिसच्या आलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायांनीच चाले. दोन पावट्या आळीपाळीने दाबायच्या, भात्यातली हवा आधी एका साठवणीच्या कप्प्यात जायची आणि तिथून एकसारख्या दाबाने पितळी स्वरपट्ट्यांकडे. या वाद्याला ‘एक्स्प्रेशन’ नावाची एक खुंटी होती. ती ओढली की साठवणीचा कप्पा बंद होई आणि पायाचा वारा थेट स्वरपट्टीवर पडे. मग पायाची प्रत्येक थरथर ऐकू येई. नवशिक्याची त्यात फजिती ठरलेली. जाणत्याच्या पायात मात्र स्वर फुगे, ओसरे, श्वास घेई. कोणता स्वर हे हाताने ठरवायचे आणि तो कसा उच्चारायचा हे पायाने.

हे वाद्य भारतात आले तेव्हा मैफल जमिनीवर बसलेली होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातपेटीला रूप दिले. भाता मागे गेला आणि डावा हात त्यात अडकला. मराठी संगीत रंगभूमीने मात्र पाय सोडला नाही. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन असे. ऑर्गनही पायाचाच, पण त्याची चाल उलटी: हार्मोनियम हवा बाहेर ढकलते, ऑर्गन ती आत ओढतो. त्यामुळे त्याचा आवाज गोल आणि मऊ.

कोकणात निवड वाजवण्याच्या कामावरून झालेली दिसते. डबलबारीच्या भजनात बुवा स्वतः गातो आणि स्वतःच पेटी वाजवतो. गळा त्याचाच असल्याने केव्हा थांबायचे हे त्याला ठाऊक असते. हातपेटी त्याला पुरते. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट आख्यानाचा धागा धरून जागच्या जागी बोलतात आणि बोलता बोलता पद उचलतात. पेटीवाल्याला सूर धरून वाट पाहावी लागते, आणि राक्षस शिरला की क्षणात उसळावे लागते. अशा वेळी दोन्ही हात मोकळे हवेत, आणि वारा हातांच्या घाईपासून वेगळा हवा. आजोबा नातवाला सांगत, “हात कितीय धावले तरी वारो घाईत भरूचो नाय.”

याच पेटीला आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पट्ट्यांचे स्वर जखडलेले, त्यांतून मींड निघत नाही, हा आरोप होता आणि तो खोटा नव्हता. पायपेटीतूनही मींड निघत नाही. पण स्वराचा चढउतार तिच्यात आहे, आणि रात्रभर उघड्यावर गाणाऱ्या नटाला आधी त्याची गरज असते.

विजेच्या गिटारचे दुखणे नेमके उलटे. तार ताणली की मींड सहज येते, पण छेडल्या क्षणापासून स्वर मरू लागतो. त्याच्यामागे वारा नाही. तो पुरवण्याचे काम पुन्हा पायाकडे आले. नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या एका बिघडलेल्या यंत्राच्या खरखरीवरून १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आले. ते स्वराचे शिखर चेपून त्याची शेपूट लांबवते. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या अभियंत्याच्या मंडलातून ‘वाह’ जन्मले, आणि त्याचा पहिला नमुना बसवला गेला तो व्हॉक्स ऑर्गनच्या आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलच्या सांगाड्यात. गिटारच्या पायाखाली ऑर्गन असा अक्षरशः शिरला आहे.

तेव्हा डब्यांच्या रांगेसमोर आधी पाहायचे ते हाताकडे. भरगच्च कॉर्ड वाजवणाऱ्याने फझ टाळावे. अनेक स्वर एकत्र कुरतडले गेले की चिखल होतो. त्याला हलके ओव्हरड्राइव्ह पुरे. एकेरी सुरावटीला फझ शोभते, त्यामागे थोडा डिलेही. बोटांनी छेडणाऱ्याला कॉम्प्रेसर, म्हणजे दबके स्वर वर येतात. आणि संथ पदे वाजवायची असतील तर साधे व्हॉल्यूम पेडल. आवाज शून्यावर ठेवून तार छेडायची, मग पाय हळूच दाबायचा. छेडल्याचा टणत्कार पुसला जातो आणि स्वर पेटीसारखा उगवतो. ते ओव्हरड्राइव्हच्या आधी जोडले तर पायाने धार कमी होते, नंतर जोडले तर धार तीच राहून फक्त आवाज उतरतो. डिले मात्र त्याच्याही पुढे हवा, नाहीतर पाय उचलताच प्रतिध्वनीचा गळा चिरला जातो.

तरुणाला नाट्यपदे वाजवायची होती. दिवा नाही, रंग नाही, असा त्या कपाटातला सर्वांत निरस डबा घेऊन तो जत्रेला गावी आला. आजोबांनी चप्पल काढून त्यावर पाय ठेवला, दोनदा दाबून पाहिला, एक सूर फुगून ओसरेपर्यंत ऐकला आणि मग विचारले,

“एकच? मगे दुसरो पाय काय करतलो?”