खरबरीत चित्राची सुधारित आवृत्ती

१९८० आणि १९९०च्या दशकांत अमेरिकेतील बऱ्याच नाट्यमय दूरचित्रवाणी मालिका फिल्मवर चित्रित होत असत, परंतु त्यांचे संकलन, रंगसंस्कार आणि श्रेयनामावली हे सारे काम व्हिडिओ टेपवर पूर्ण केले जाई. परिणामी निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मपट्टीत, जेवढा तपशील साठलेला असे त्याचा थोडाच अंश प्रेक्षकाच्या घरी पोहोचे. कारण प्रक्षेपणाचे चित्र सुमारे ४८० आडव्या रेषांत बसवावे लागे. पुढे घरगुती वापरासाठी डीव्हीडी निघाल्या त्याही याच टेपांवरून, आणि म्हणूनच आजच्या मोठ्या पडद्यावर त्या मळकट दिसतात. सुधारित पुनर्प्रकाशन करायचे तर गोदामातील निगेटिव्हचे डबे पुन्हा उघडावे लागतात, त्यांतील हव्या त्या पट्ट्या शोधून नव्याने स्कॅन कराव्या लागतात आणि जुन्या संकलनाबरहुकूम एकेक तुकडा पुन्हा जोडून मालिका जवळजवळ दुसऱ्यांदा घडवावी लागते. या खटाटोपाला किती खर्च आणि किती धीर लागत असेल याची कल्पना करता येते. आणि ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ या मालिकेच्या वाट्याला तो २०२४ पर्यंत का आला नाही याचे निम्मे उत्तरही त्यातच आहे. उरलेले निम्मे गाण्यांच्या हक्कांत आहे, त्याकडे पुढे वळता येईल.

ही मालिका एनबीसी वाहिनीवर ३१ जानेवारी १९९३ रोजी सुरू झाली आणि सात पर्वे व १२२ भाग होऊन १९९९ मध्ये थांबली. तिचा आधार होता डेव्हिड सायमन यांचे १९९१ मधील पुस्तक. सायमन तेव्हा ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचे वार्ताहर होते आणि १९८८ हे संपूर्ण वर्ष त्यांनी बाल्टिमोर पोलिसांच्या खून-तपास विभागात काढले होते. त्या वर्षी त्या शहरात २३४ खून झाले. मालिकेने पुस्तकातून केवळ प्रसंग घेतले नाहीत, विभागाची कार्यपद्धतीही घेतली, आणि तिचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे भिंतीवरचा पांढरा फळा. त्यावर प्रत्येक तपास अधिकाऱ्याच्या नावाखाली मृतांची नावे लिहिलेली असतात, न उलगडलेल्या प्रकरणांची लाल शाईत आणि उलगडलेल्यांची काळ्या शाईत. लाल नाव पुसून काळे लिहिणे म्हणजे तपास पूर्ण होणे, मग न्यायालयात पुढे काहीही होवो. एखाद्या दुकानाच्या खतावणीतील येणे-देणे शोभावे इतका हा हिशेब कोरडा आहे, आणि मालिकेचा खरेपणा गोळीबारापेक्षा या कोरडेपणातच अधिक आहे.

मालिकेचे निर्माते, त्यांतही पहिला भाग दिग्दर्शित करणारे बॅरी लेव्हिन्सन, यांनी दृश्यशैलीसाठी खरबरीतपणा जाणीवपूर्वक निवडला होता. चित्रीकरण बाल्टिमोरमध्येच, बहुतेक वेळा हातात धरलेल्या कॅमेऱ्याने आणि सुपर १६ या फिल्मवर झाले. सोळा मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या एकाच कडेला भोके ठेवून दुसऱ्या कडेपर्यंत चित्र पसरवले की जी थोडी रुंद चौकट मिळते, तिला हे नाव आहे. पस्तीस मिलिमीटरच्या तुलनेत या फिल्मचे क्षेत्रफळ लहान, म्हणून चित्रातील दाणे, म्हणजे फिल्मवरील रासायनिक लेपाचे सूक्ष्म कण, मोठे आणि चंचल दिसतात. त्यात पहिल्या पर्वाचे रंग उतरवलेले, राखाडीकडे झुकणारे. आणि संकलनात एकच हावभाव किंवा एकच वाक्य निरनिराळ्या टेकमधून लागोपाठ दोनदा-तीनदा दाखवण्याची खोड. ही सारी वैशिष्ट्ये वृत्तचित्रणाची आठवण करून देतात, आणि ती तशी करून द्यावी हाच हेतू होता.

येथे सुधारणेचा पहिला पेच उभा राहतो. उतरवलेला रंग हा बहुतांशी टेपवरच्या टप्प्यात, रंगसंस्कार करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातून ठरत असे; निगेटिव्हला त्याची पुरेशी खबर नसते. निगेटिव्ह नव्याने स्कॅन करणाऱ्याला तिच्यात जे रंग सापडतील ते भरघोस असतील, आणि ते जसेच्या तसे ठेवले तर चित्र अधिक सुंदर पण मालिका वेगळी होईल. दाण्यांचेही तेच. गोंगाट कमी करणारी संगणकीय साधने दाण्याला धूळ समजून पुसू शकतात आणि मग माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. थोडक्यात, मूळ फिल्मकडे परत गेल्याने मूळ कृती हाती लागतेच असे नाही, कारण कृतीचा काही भाग त्या ‘हलक्या’ टेपवरच जन्मलेला असतो. संग्राहकांना हे मान्य करणे जड जाते. त्यांच्या लेखी निगेटिव्ह हीच गंगोत्री.

१९ ऑगस्ट २०२४ रोजी पीकॉक या प्रवाही सेवेवर ही मालिका नव्याने स्कॅन केलेल्या, कितीतरी अधिक तपशिलाच्या आणि रुंद चौकटीच्या रूपात आली. तबकडीऐवजी जालावरून येणारी असली तरी ती घरगुती आवृत्तीच आहे. मूळ प्रक्षेपण ४:३ या जवळजवळ चौरस प्रमाणात होते, नवी चौकट १६:९ आहे. सुपर १६ मुळे दोन्ही बाजूंना थोडी जास्तीची जागा निगेटिव्हमध्ये असते, परंतु १६:९ चे प्रमाण तिच्याही नैसर्गिक चौकटीपेक्षा रुंद असल्याने वरचा किंवा खालचा काही भाग कापावाच लागतो. रस्त्यावरील दृश्यांना याचा फायदाच होतो: बाल्टिमोरची एकमेकांना चिकटलेली विटांची घरे, त्यांच्या दारांपुढच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या, बंदराचा काठ हे सारे ऐसपैस दिसते. मालिकेतील पोलीस मुख्यालय म्हणून वापरलेली फेल्स पॉइंट येथील धक्क्यावरची जुनी इमारत २०१७ पासून आलिशान हॉटेल झाली आहे, तेव्हा त्या परिसराच्या इतिहासासाठीही ही स्पष्टता मोलाची ठरते.

बंद खोलीत मात्र गणित बदलते. पहिल्या पर्वातील ‘थ्री मेन अँड अडीना’ हा भाग जवळजवळ संपूर्णपणे चौकशीच्या खोलीत घडतो. त्याच्या लेखनासाठी टॉम फाँटाना यांना एमी पुरस्कार मिळाला आणि दिग्दर्शन मार्टिन कॅम्बेल यांचे होते. अडीना वॉटसन या अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा संशय असलेला वृद्ध, घोडागाडीवरून फळे विकणारा रिस्ली टकर, आणि त्याच्यासमोर पेंबल्टन व बेलिस हे दोन अधिकारी. कबुली मिळवण्यासाठी त्यांच्या हाती बारा तास आहेत. टकरची भूमिका करणारे मोझेस गन १९९३ च्या अखेरीस वारले. चौरस चौकटीत तीन चेहरे एकमेकांवर दाटीवाटीने येतात, भिंती सुटत नाहीत, बोलणाऱ्याच्या हनुवटीखाली टेबलावरचे हात दिसत राहतात. रुंद चौकट खांद्यांच्या बाजूंना रिकामी हवा देते, आणि गुदमरणे हाच ज्या दृश्याचा विषय आहे त्याला हवा देणे हा उपकार नव्हे. उलट गन यांच्या कपाळावरचा घाम आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आता अशा दिसतात की जुन्या चित्राकडे परत जाणे अशक्य व्हावे. एकाच भागात लाभ आणि हानी इतकी जवळजवळ नांदते. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर नवे स्कॅन जुन्या चौकटीत, हाच योग्य तोडगा ठरला असता. सायमन यांच्याच ‘द वायर’ या मालिकेचे २०१४ मध्ये असेच रुंदीकरण झाले, तेव्हा काही दृश्ये सुधारली आणि काही बिघडली असे त्यांनी स्वतः सविस्तर लिहिले होते. तो अनुभव गाठीशी असताना प्रेक्षकाला दोन्ही चौकटींचा पर्याय देता आला असता.

चित्राच्या चर्चेत झाकोळून जाणारी सुधारणा याआधीच, २००३ पासून निघालेल्या डीव्हीडींनी केली होती, आणि ती होती क्रमाची. वाहिनीने अनेक भाग निर्मात्यांच्या योजनेबाहेरच्या क्रमाने दाखवले होते. उकाड्याच्या एका रात्रपाळीत फारसे काही न घडणारा ‘नाइट ऑफ द डेड लिव्हिंग’ हा सुरुवातीचा भाग संथ वाटल्यामुळे थेट पर्वाच्या शेवटी ढकलला होता. तबकड्यांनी निर्मात्यांचा क्रम पुनःस्थापित केला, आणि संपूर्ण संचात तर ‘लॉ अँड ऑर्डर’ या दुसऱ्या मालिकेत सुरू होऊन येथे संपणाऱ्या जोडकथांचे तिकडचे भागही घातले. याउलट २०२४ च्या आवृत्तीत काही मूळ गाण्यांच्या जागी दुसरे संगीत आले. प्रवाही माध्यमाचा कुणी विचारही केला नव्हता त्या काळात गाण्यांचे हक्क घेतले गेले होते, आणि ते नव्याने मिळवणे हाच मालिकेच्या पुनरागमनातील मोठा अडथळा होता. संवाद थांबवून संपूर्ण गाण्यावर तपासाचे तुकडे जोडत नेणे ही या मालिकेची पद्धत असल्याने गाणे बदलणे म्हणजे येथे पार्श्वसंगीत बदलणे नव्हे, परिच्छेद बदलणे होय.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांतील वेगळी वाचने, नोंदवण्याची शिस्त पाळली होती. दूरचित्रवाणीच्या सुधारित आवृत्त्यांना अशी तळटीप नसते. कोणते गाणे गळाले, कोणती चौकट कापली, क्रम कोणाचा, हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि नवी प्रत जुन्या प्रतीची जागा गुपचूप घेते. निव्वळ काल्पनिक मालिकेच्या बाबतीत ही उणीव रसिकांपुरती मर्यादित राहील. प्रत्यक्ष गुन्ह्यावर आधारलेल्या नाटकाच्या बाबतीत ती अधिक गंभीर आहे, कारण ते पाहणारा त्याला अर्धेअधिक दस्तऐवज मानतो.

अडीनाचे प्रकरण सायमन यांच्या पुस्तकातील एका खऱ्या मुलीच्या खुनावर बेतलेले आहे, आणि तो खून पुस्तकात उलगडत नाही, तसाच मालिकेतही उलगडत नाही. नेटवर्क दूरचित्रवाणीवर हे धाडसच होते. मात्र खऱ्या प्रकरणातील मुख्य संशयित मासे विकणारा होता; मालिकेने त्याला घोडागाडीवाला फळविक्रेता केले. हा व्यवसाय बाल्टिमोरच्या रस्त्यांवर खरोखर चालत आलेला, म्हणून बदल इतका सहज पटतो की बदल आहे हेच कळत नाही. चौकशीच्या शेवटी तो वृद्ध त्या मुलीवरील आपल्या प्रेमाची कबुली देतो, खुनाची नव्हे. आणि बाहेर आल्यावर आतापर्यंत साशंक असलेला पेंबल्टन त्याच्या दोषाविषयी निःशंक होतो, तर इतके दिवस त्याच्यामागे लागलेला बेलिस डळमळतो. हे नाट्य आहे, उत्तम नाट्य आहे, परंतु ज्याच्यावर कधीही आरोप सिद्ध झाला नाही अशा एका माणसाच्या सावलीतून ते उभे राहिले आहे. नवी आवृत्ती त्या चेहऱ्यावरचा प्रत्येक थेंब दाखवते आणि पुस्तकातून आलेला तपशील कोणता व लेखकाने घातलेला कोणता, यांतला भेद आहे तिथेच ठेवते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या अंधुक चित्रात निदान एवढे तरी होते, की डोळ्यांना सगळे दिसत नाही याची जाणीव प्रेक्षकाला सतत असे.